ट्रेडिंगसाठी डेस्कटॉप घ्यायचाय? ब्रँडेड की असेंबल, आधी हिशोब समजून घ्या

शेअर बाजार सकाळी ९ वाजून १५ मिनिटांनी उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो. रोजचे सव्वासहा तास. ट्रेडिंगच्या कॉम्प्युटरची खरी नोकरी एवढ्याच वेळेची असते, पण या वेळेत त्याने दांडी मारून चालत नाही. चार्ट अडकला, स्क्रीन काळी पडली किंवा मशीन आपोआप रिस्टार्ट झालं, तर भाव काही थांबून राहत नाही.

म्हणूनच मोबाईलवर सुरुवात केलेले अनेक जण काही महिन्यांत डेस्कटॉपकडे वळतात. मग प्रश्न पडतो, कंपनीचा तयार कॉम्प्युटर घ्यायचा की पार्ट निवडून असेंबल करून घ्यायचा? त्यात यूट्यूबवर सहा-सहा स्क्रीनचे सेटअप दिसतात, 'ट्रेडिंग पीसी' या नावाने गेमिंगचं मशीन विकलं जातं आणि बजेट बघता बघता दुप्पट होतं.

या प्रश्नाचं उत्तर किमतीपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून आहे: बाजार चालू असताना मशीन बंद पडलं, तर ते कोण दुरुस्त करणार आणि किती वेळात? पण त्याआधी ट्रेडिंगमध्ये कॉम्प्युटर नेमकं काय करतो, ते बघू.

महाग मशीनने ऑर्डर लवकर लागते का?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. घरून टाकलेली ऑर्डर थेट एक्स्चेंजमध्ये जात नाही. आधी ती ब्रोकरच्या सर्व्हरवर जाते. तिथे खात्यात पुरेसं मार्जिन आहे का हे तपासलं जातं आणि मग ती एनएसई किंवा बीएसईकडे पाठवली जाते. या प्रवासात घरातल्या प्रोसेसरचं काम एवढंच, की बटण दाबल्यावर ऑर्डर इंटरनेटवर सोडून द्यायची. हे काम पाच वर्षं जुना चांगला कॉम्प्युटरही सहज करतो.

आकड्यांत बघू. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. नागपूर ते मुंबई अंतर ८०० किलोमीटर धरलं, तर एका बाजूच्या प्रवासाला ४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचे ४ हजारांश भाग. वाटेतली नेटवर्कची यंत्रणा आणि ब्रोकरचा सर्व्हर यांचे आणखी काही मिलिसेकंद धरा. याउलट भाव बदललेला दिसल्यापासून माणसाचं बोट माउसवर दाबलं जाईपर्यंतच २०० मिलिसेकंद सहज जातात. म्हणजे या साखळीत सगळ्यात हळू असतो तो खुर्चीवर बसलेला माणूस.

वेगाची खरी शर्यत लावणाऱ्या संस्था एनएसईच्या डेटा सेंटरमध्येच भाड्याने जागा घेतात आणि आपले सर्व्हर तिथे ठेवतात. याला को-लोकेशन म्हणतात. घरच्या कॉम्प्युटरवर लाखभर रुपये जास्त घातले, तरी त्या शर्यतीत उतरता येत नाही.

मग पैसे कुठे घालायचे?

प्रोसेसर: बहुतेक ब्रोकरचे प्लॅटफॉर्म आता ब्राउझरमध्ये चालतात. मार्केट वॉच, तीन-चार चार्ट आणि ऑप्शन चेन एवढ्या कामाला अलीकडच्या पिढीचा इंटेल कोअर आय५ किंवा एएमडी रायझन ५ भरपूर झाला. ॲमिब्रोकरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या डेटावर स्ट्रॅटेजी तपासायची असेल, म्हणजे बॅकटेस्टिंग करायचं असेल, तरच जास्त कोअरचा प्रोसेसर उपयोगी पडतो.

रॅम: ब्राउझरची प्रत्येक टॅब रॅम खाते. ८ जीबीमध्ये दोन स्क्रीनवर चार्ट, शेजारी बातम्यांचं चॅनल आणि एक्सेल असं सगळं उघडलं की मशीन दमतं. १६ जीबी पुरते. ३२ जीबी मोठ्या बॅकटेस्टिंगसाठी.

एसएसडी: विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअर एसएसडीवरच हवीत. ५०० जीबी पुरेशी. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज असेल, तर मधेच रिस्टार्ट झाल्यावर मशीन परत कामाला लागायला काही मिनिटं जातात, आणि बाजार चालू असताना ती मिनिटं महागात पडू शकतात.

ग्राफिक कार्ड: चार्ट ही साधी रेषांची चित्रं असतात, गेम नव्हे. दोन-तीन स्क्रीनपर्यंत प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स पुरतात. मात्र इथे एक खाचखळगा आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यात ग्राफिक्सच नसतात. तो थोडा स्वस्त मिळतो, पण मग वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. एएमडीमध्येही रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाहीत, ५६००जी मध्ये आहेत. कोटेशनवरचं हे एक अक्षर वाचूनच होकार द्यावा.

मॉनिटर: सहा स्क्रीनची गरज फार थोड्यांना असते. २४ इंची फुल एचडीचे दोन मॉनिटर, एकावर चार्ट आणि दुसऱ्यावर ऑर्डर व पोझिशन, एवढ्यात बहुतेकांचं काम भागतं. पण दोन मॉनिटरसाठी मागे दोन पोर्ट चालू हवेत. प्रोसेसर चार स्क्रीन चालवू शकत असला, तरी मदरबोर्डवर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची जेवढी तोंडं असतील, तेवढेच मॉनिटर सरळ लागतात.

एसएमपीएस: सगळ्या पार्टना वीज पुरवणारा हा डबा. दिसत नाही म्हणून यावर सगळ्यात जास्त काटकसर होते, आणि मशीन अचानक बंद पडण्यामागे बऱ्याचदा हाच असतो. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस ट्रेडिंगच्या मशीनला लावू नये. नामांकित कंपनीचा, '८० प्लस' हे प्रमाणपत्र असलेला घ्यावा.

ब्रँडेड घेतल्यावर काय मिळतं?

डेल, एचपी, लेनोवो, एसर, असूस अशा कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये तीन गोष्टी एकत्र येतात: सगळे पार्ट एकमेकांशी जुळतात याची खात्री, ओरिजिनल विंडोज आणि एकच वॉरंटी.

यातली तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. बिघाड रॅमचा आहे की मदरबोर्डचा, हे शोधणं ग्राहकाचं काम राहत नाही. फोन एकाच ठिकाणी करायचा. मात्र वॉरंटी 'ऑनसाइट' आहे की 'कॅरी-इन', हे खरेदीआधीच विचारावं. ऑनसाइट म्हणजे इंजिनिअर घरी येतो, कॅरी-इन म्हणजे मशीन आपण सर्व्हिस सेंटरला न्यायचं. ऑफिससाठीच्या मॉडेलवर तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी सहसा मिळते किंवा जादा पैसे देऊन घेता येते. पुण्या-मुंबईत दुसऱ्या दिवशी माणूस येईलही, पण आपल्या तालुक्याच्या गावी किती दिवसांत येतो, हे पिनकोड सांगून विचारलेलं बरं.

तोटेही आहेत. छोट्या आकाराच्या ब्रँडेड मशीनमध्ये एसएमपीएस आणि मदरबोर्ड बऱ्याचदा कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. वॉरंटी संपल्यावर ते बिघडले, तर बाजारातला साधा पार्ट बसत नाही आणि कंपनीचाच शोधावा लागतो. शिवाय मूळ मॉडेलमध्ये अनेकदा ८ जीबीच रॅम असते. रॅमसाठी दुसरा स्लॉट रिकामा आहे का आणि मागे दोन मॉनिटरची तोंडं आहेत का, एवढं बघूनच पैसे द्यावेत.

असेंबल केल्यावर काय मिळतं?

आपल्याकडे असेंबल म्हणजे बहुतेक वेळा दुकानदाराकडून जोडून घेणं. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बेंगळुरूत एस. पी. रोड हे यासाठी ओळखले जाणारे बाजार. जिल्ह्याच्या ठिकाणीही असं काम करणारे दोन-चार दुकानदार असतातच.

पहिला फायदा, पैसे हवे तिथे घालता येतात. एसएमपीएस चांगला, मदरबोर्ड जास्त पोर्टचा आणि ग्राफिक कार्ड नाही, अशी वाटणी ब्रँडेडमध्ये मागून मिळत नाही. दुसरा फायदा, सगळे पार्ट ठरलेल्या मापाचे असतात. सकाळी एसएमपीएस गेला, तर गावातल्या दुकानातून नवा आणून दुपारपर्यंत मशीन चालू होऊ शकतं.

वॉरंटीही असते, पण सुटी सुटी. प्रोसेसर आणि मदरबोर्डला साधारण तीन वर्षं, एसएसडीला तीन ते पाच वर्षं. अडचण अशी, की प्रत्येक पार्टची कंपनी वेगळी. मदरबोर्ड वॉरंटीत पाठवला, तर बदलून येईपर्यंत बाकीचं मशीन टेबलावर पडून राहतं. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला माहितगार माणूस लागतो तो वेगळाच.

म्हणजे असेंबल मशीनची खरी वॉरंटी ते जोडून देणाऱ्या माणसाकडे असते. फोन उचलणारा, दुकान जवळ असणारा आणि तात्पुरता पार्ट लावून देणारा दुकानदार असेल, तर कंपनीच्या ऑनसाइट सेवेपेक्षा लवकर काम होतं. तसा माणूस नसेल, तर स्वस्तात पडलेलं मशीन महागात जातं.

स्वतःच्या हाताने जोडणंही अवघड नाही. स्क्रू ड्रायव्हर, व्हिडिओ आणि अर्ध्या दिवसाची सवड पुरते. मात्र प्रोसेसर बसवताना पिन वाकली, तर वॉरंटी मिळणं मुश्कील होतं. ज्याला ही आवड आहे, त्याने जरूर करावं. पुढे बिघाड शोधायला तोच अनुभव कामाला येतो.

असेंबल स्वस्त पडतं, हे खरं का?

गेमिंगच्या महाग मशीनमध्ये बऱ्याचदा खरं. ट्रेडिंगच्या साध्या मशीनमध्ये फरक फार कमी राहतो. मोठ्या कंपन्या पार्ट आणि विंडोजची लायसन्स घाऊक भावात घेतात. असेंबलच्या कोटेशनमध्ये मात्र विंडोजची किंमत अनेकदा धरलेलीच नसते. ओरिजिनल विंडोज, कीबोर्ड आणि माउस मिळवून बेरीज केली, की 'स्वस्त' मशीन ब्रँडेडच्या जवळ येऊन उभं राहतं.

त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती जोरात वाढल्या. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी चिप्सची मागणी वाढल्याचा हा परिणाम. त्यामुळे जुन्या व्हिडिओतलं बजेट धरून दुकानात जाऊ नये. दोन्ही पर्यायांची कोटेशन एकाच दिवशी घ्यावीत आणि विंडोजसकट तुलना करावी.

फुकटची विंडोज का नको?

'विंडोज टाकून देतो' असं दुकानदार म्हणाला, की ओरिजिनल का, हे विचारावं. क्रॅक केलेली विंडोज चालू करणारी सॉफ्टवेअर अँटीव्हायरस बंद करायला लावतात आणि त्यांच्यासोबत आणखी काय आत येतं, ते कळत नाही. याच मशीनवर ब्रोकरचं लॉगिन, नेट बँकिंग आणि ईमेल उघडलेला असतो.

तिसरा पर्याय: रिफर्बिश्ड

कंपन्या आणि बँका ठरावीक वर्षांनी कॉम्प्युटर बदलतात. ती मशीन साफ करून, तपासून पुन्हा विकली जातात. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. ऑफिसच्या कामासाठी बनलेली असल्याने ही मशीन दणकट असतात.

इथे एक तारीख लक्षात ठेवावी. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. सहाव्या-सातव्या पिढीचं मशीन म्हणूनच स्वस्त मिळतं, पण पैशांच्या व्यवहारासाठी ते घेण्यात शहाणपण नाही. आठव्या पिढीच्या पुढचं, बिल आणि वॉरंटी देणारं मशीन सुरुवातीला किंवा जोडीचं दुसरं मशीन म्हणून चांगलं.

वीज आणि इंटरनेट: ज्यावर खर्च होतच नाही

मशीन कितीही चांगलं असलं, तरी वीज गेली की संपलं. ग्राफिक कार्ड नसलेला डेस्कटॉप आणि दोन मॉनिटर मिळून साधारण १५० वॉटच्या आत चालतात. ६०० व्हीएचा साधा यूपीएस त्यांना दहा मिनिटांच्या आसपास तग धरायला देतो. तेवढ्यात पोझिशन बंद करता येते किंवा स्टॉप लॉस लावता येतो. घरी इन्व्हर्टर असेल, तर तो यूपीएस मोडवर आहे का बघावं. नाहीतर वीज बदलण्याच्या क्षणात कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊ शकतो.

अनेक घरांत कॉम्प्युटर यूपीएसवर असतो आणि राऊटर मात्र साध्या प्लगवर. वीज गेली की स्क्रीन चालू, नेट बंद. राऊटरसाठी वेगळा छोटा यूपीएस मिळतो. पर्यायी इंटरनेट म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट ठेवावा, पण तो ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचा. दोन्ही एकाच कंपनीचे असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद पडू शकतात.

जोडण्यांचा हा धोका किती मोठा असू शकतो, ते २४ फेब्रुवारी २०२१ ला सगळ्या देशाने पाहिलं. टेलिकॉम जोडण्यांमध्ये अडचण आल्यानंतर एनएसईवरचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालू ठेवावा लागला. त्या वेळात कोणाच्याही घरच्या मशीनचा काही उपयोग नव्हता.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. एकदा टाकलेली स्टॉप लॉस ऑर्डर घरच्या कॉम्प्युटरमध्ये नसते, ती एक्स्चेंजकडे नोंदलेली असते. मशीन बंद पडलं, तरी त्या दिवसापुरती ती जागेवर राहते. पण स्वतःच्या मशीनवर चालणारं अलर्ट किंवा ऑटो ऑर्डरचं सॉफ्टवेअर मशीनबरोबरच बंद पडतं. म्हणून मनातला स्टॉप लॉस सिस्टीममध्ये टाकलेला बरा. ब्रोकरचं मोबाईल ॲप लॉगिन करून ठेवावं आणि फोनवरून ऑर्डर घेणाऱ्या डीलरचा नंबर कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवावा.

अल्गो ट्रेडिंग करणाऱ्यांचं काय?

एपीआय वापरून आपोआप ऑर्डर टाकणाऱ्यांसाठी सेबीने फेब्रुवारी २०२५ मध्ये परिपत्रक काढलं. त्या चौकटीत अशा ऑर्डर स्टॅटिक आयपीवरून, म्हणजे न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्यावरून येणं अपेक्षित आहे. घरच्या साध्या ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो. त्यामुळे अशा लोकांनी घरचं मशीन वाढवण्याऐवजी मुंबईतल्या डेटा सेंटरमधला क्लाउड सर्व्हर महिन्याच्या भाड्याने घेणं जास्त सोयीचं. घरचा डेस्कटॉप मग फक्त लक्ष ठेवायला लागतो आणि तो साधाच पुरतो.

बिल सांभाळून ठेवा

फ्युचर्स आणि ऑप्शन्समधून होणारा नफा-तोटा आयकरात व्यवसायाचा धरला जातो. त्यासाठी वापरलेल्या कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के दराने घसारा दाखवता येतो. त्या आर्थिक वर्षात मशीन १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल, तर पहिल्या वर्षी निम्माच. यासाठी पक्कं बिल लागतं. 'बिलाशिवाय थोडं कमी करतो' या सवलतीत घसारा आणि वॉरंटी दोन्ही जातात. आपल्या बाबतीत काय लागू होतं, हे सीएला विचारून घ्यावं.

मग कोणी काय घ्यावं?

ज्याला कॉम्प्युटर उघडायची आवड नाही आणि ओळखीचा भरवशाचा दुकानदारही नाही, त्याने ऑनसाइट वॉरंटी असलेला ब्रँडेड डेस्कटॉप घ्यावा. नोकरी सांभाळून ट्रेडिंग करणारे बहुतेक जण याच गटात येतात.

ज्याच्या जवळ चांगला दुकानदार आहे किंवा ज्याला स्वतः पार्ट बदलता येतात, त्याने असेंबल करावं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर लांब असलेल्या गावात तर हाच पर्याय जास्त व्यवहार्य.

ज्याने नुकतीच सुरुवात केली आहे, त्याने घरात असलेला लॅपटॉप आणि त्याला जोडलेला एक मॉनिटर यावर काही महिने काढावेत. कारण सेबीचे आकडे डोळे उघडणारे आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये ट्रेडिंग करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. सरासरी तोटा खर्चासकट माणशी सुमारे २ लाख रुपये. २०२४-२५ मध्येही ९१ टक्के लोकांचा तोटाच झाला. यातलं कुणीही कमी रॅममुळे बुडालं, असं सेबी म्हणत नाही. लाखाचं मशीन घेतल्यावर 'आता हे वसूल करायचं' या दडपणाखाली टाकलेला ट्रेड मात्र तोट्याच्या वाटेवर नक्की नेऊ शकतो.

आणि मशीन कोणतंही घेतलं, तरी पहिल्या शनिवारी, बाजार बंद असताना, एक चाचणी करावी. सगळं चालू ठेवून घराचा मेन स्विच बंद करायचा. स्क्रीन चालू राहते का, नेट टिकतं का, हॉटस्पॉटवर यायला किती सेकंद लागतात आणि यूपीएस किती मिनिटं काढतो, हे लिहून ठेवायचं. जे बंद पडेल, पुढची खरेदी त्याची.